येतंय की येतलंय

१ नोव्हें. ८७, रविवार

शरद सकाळच्या गाडीने मुंबईला गेला. दिवाळीचं म्हणून चार दिवस आला होता, एकटाच. नलिनीला रजा नव्हती. लग्नाला नऊ वर्षं झाली, इकडे यायचं म्हटलं की तिला रजा नसते. आई काही म्हणत नाही. एवढंच विचारते, "तिका बरा आसा मा?"

जाताना टेपरेकॉर्डर ठेवून गेला, दोन कोऱ्या कॅसेट. म्हणाला, ताई, तुझी पत्रं नकोत. शाळा तपासणीच्या अहवालासारखी असतात. आईला यात बोलायला लाव आणि कॅसेट पाठव.

लागलं थोडं. खरं आहे पण. आई सांगते, मी लिहिते, आणि लिहिताना तिचं बोलणं 'नीट' करते. त्याला इतकी वर्षं कळत होतं तर.

यंत्र टेबलावर. आईने वर विणलेला रुमाल घातलाय.

४ नोव्हें.

शाळेतून आल्यावर आधी स्वतःवर प्रयोग. वर्तमानपत्रातल्या चार ओळी वाचल्या, मागे नेऊन ऐकल्या. हा आवाज माझा? नाकातला, वाक्याच्या शेवटी किंचित दटावणारा. एकवीस वर्षं मुलं हा ऐकतायत. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा जरा ओळखीचा वाटला. आपण आपला आवाज आतून ऐकतो आणि जग बाहेरून, हे आमच्या विज्ञानाच्या परब सरांनी नववीला शिकवलेलं मी दाराबाहेरून ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि असं समोर बसून…

आई दारात उभी. "तुझोच आवाज. माझ्याकडे अशीच बोलतंस."

८ नोव्हें., रविवार

आज आईचं ध्वनिमुद्रण. अंघोळ, केसांना तेल, पेटीतलं पातळ. म्हटलं, ह्या यंत्राक दिसत नाय गो. म्हणाली, शरद ऐकताना बघतलो मा.

पहिली दहा मिनिटं गप्प. बटण दाबलं की गप्प, सोडलं की बोलते. शेवटी न सांगता दाबून ठेवलं. मग सुरू झाली ती एकदम ओरडून, नदीपलीकडच्याला हाक मारावी तशी. हाताने खुणावलं, हळू. "काय?" तेही आलंय टेपात.

भात झोडून झालं. कुत्र्याचा पाय बरा. शरदने डोंबिवलीला तळमजल्यावर नवी जागा घेतलीय तिची चौकशी, पाणी किती वाजता येतं वगैरे. मग थांबली. पदर सारखा केला. म्हणाली, "नलिनी, तू येळेर जेवतंस मा? हापिसात डबो खातंस काय तसोच परत हाडतंस?"

मी चकित. सुनेला ती सरळ नावाने कधी बोलत नाही. पत्रात 'नलिनीला आशीर्वाद' असतो तो मी घातलेला. माणूस समोर नसताना यंत्राला बोलणं तिला सोपं गेलं की काय? की मीच इतकी वर्षं मध्ये होते?

मग घसा सुकला, पुरे झालं, बरा मगे वगैरे. बटण बंद. उद्या पोस्टात.

१६ नोव्हें.

परब सर मुंबईहून व्हिडिओ कोचने आले. शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नाही. गाडीत पुढे टी.व्ही., रात्रभर दोन सिनेमे, आवाज शेवटच्या सीटपर्यंत. कोणाला झोप नाही, उलट्या मात्र सगळ्यांना. सरांचं मत: दहा वर्षांनी एस.टी.त कोणी बसणार नाही. हेडबाईंचं मत: दहा वर्षांनी रेल्वे येईल, नांदगावकडे मोजणीची माणसं फिरतायत म्हणे. यावर सगळे हसले. रेल्वेच्या मोजणीच्या त्या खुंट्या आपण लहानपणापासून बघतोय.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "गाडयेत शिनेमा? मगे भायर कोण बघतला?"

मला बसून बघायचंय एकदा. सिनेमा नव्हे, सिनेमा बघणारी गाडी. घाटात वळणावर पडद्यावरची नायिका आणि खिडकीतली झाडं एकाच बाजूला कलत असतील का.

२० नोव्हें.

नववीतल्या रेखाकडून तासाला एक वस्तू काढून घेतली. वडील मस्कतला, त्यांनी पाठवलेला व्हिडिओ गेम. तळहातावर मावणारा. राखाडी काचेवर काळी बारीक माणसं छत्र्यांना लटकून पडतात, खाली पाण्यात होडी. दोन बटणांनी होडी डावी-उजवीकडे न्यायची आणि माणसं झेलायची. चुकला तो माशाच्या तोंडी.

हेडबाई म्हणाल्या, पोरांची डोकी बिघडतील. पालकांना बोलवा. मी म्हटलं, आधी तपासून बघते.

घरी आणून तपासला. पाच मिनिटं म्हणून बसले, भात करपला. ११२ माणसं वाचवली. लाज वाटते पण लिहून ठेवते. गंमत अशी की हात स्वतःच शिकतात. कोण कुठे पडणार हे डोक्याला कळायच्या आधी अंगठ्याला कळतं. हे बिघडणं आहे की शिकणं? स्वयंपाक करताना आईचा हात असाच चालतो.

आई शेजारी बसून आवाज ऐकत होती. "माणसां पडतत खंयसून?" विमानातून, म्हटलं. "आणि होडी एकच? मालवणात आणि कोणाकडे होडी नाय काय?"

२१ नोव्हें.

आज तिच्या हातात दिला. अंगठे सांगितले. तिने काचेवर मान वाकवली, बटणं दाबू लागली. "हां, वाचलो एक. दुसरो गेलो." खुशीत.

मी वाकून पाहिलं. काच कोरी होती. गेम केव्हाच आपोआप बंद झाला होता. आवाजही नव्हता.

ती खेळत राहिली. मग माझ्या गप्प राहण्यावरूनच तिला कळलं असावं, हळूच खाली ठेवला.

उजवा डोळा गेल्या शिमग्यापासून, म्हणाली. धुक्यासारखं. डाव्यानेही आता माणूस कळतो, तोंड कळत नाही. चूल, विहीर, पायरी सगळं पाठ आहे, म्हणून भागतं. मला का नाही सांगितलंस, विचारलं.

"तुका सांगलंय तर तू माका मुंबयक धाडतलंस. म्हणान नाय सांगलंय."

आठ महिने. एका घरात. मी म्हणे माणसं बघून गोष्टी लिहिते.

२३ नोव्हें.

अर्धी रजा टाकून आईला मालवणला डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू, दोन्ही. उजवा पिकलाय. शस्त्रक्रिया लवकर करा. नंतर दीड-दोन महिने वाकायचं नाही, चुलीचा धूर नाही, कोणीतरी चोवीस तास जवळ हवं. मी दहा ते साडेपाच शाळेत. डॉक्टर म्हणाले, मुंबईला मुलगा आहे ना?

येताना बसमध्ये आई खिडकीशी. म्हणाली, मी खंय जावचंय नाय. विषय संपला.

शरदला लिहायला हवं. आज नको.

२८ नोव्हें., शनिवार

लिहायच्या आत नलिनीचंच पत्र आलं, सोबत कॅसेट परत. तिच्या हातचं मला आलेलं हे पहिलं. उतरवून ठेवते:

'सुमनताई, आईंचा आवाज तीन वेळा ऐकला. मला नावाने हाक मारून डब्याचं विचारलं! आणि शेवटी स्वतः म्हणाल्या, नवी जागा बघायचीय, येतंय. मला आधी खरं वाटेना. मी परत लावून ऐकलं. मी १४ डिसेंबरपासून महिन्याची रजा टाकलीय. लोखंडी खाट आणून खिडकीशी लावली. खालच्या मजल्यावर ऊन येतं का बघायला रविवारी दिवसभर घरी बसले, साडेआठ ते दहा येतं. हे घ्यायला येतील. आईंना काय आवडतं ते कळवा.'

परत एकदा वाचलं.

नलिनी जळगावची. त्यांच्याकडेही निघताना 'येते' म्हणतात, ते तिला कळलं असतं. पण आईचं 'येतंय', म्हणजे मालवणीतलं तेच 'येते', तिला 'येतेय' असं ऐकू आलं असणार. निघालेच मी, वाट बघा. आईला तसं म्हणायचं नसणार. बोलणं संपवायचं म्हणून, दारातून उठताना म्हणतो तसं… पण आई तर आपल्याच घरी बसली होती. कुठून निघत होती ती?

शरदला कळायला हवं होतं. त्याने नलिनीला कसं सांगितलं नाही?

२९ नोव्हें.

टेप लावला. आईचा आवाज, कुत्रा, पाणी, डबा. "नवी जागा बघूक व्हयी. बरा मगे, येत" आणि खट्.

बटण मी दाबलं होतं. तिचा शब्द पुरा व्हायच्या आत.

येतंय म्हणत होती की येतलंय? येतंय असेल तर निरोप. येतलंय असेल तर येईन, येणार आहे, ठरवलंय. 'येत' इथपर्यंत दोन्ही सारखेच. नलिनीने उरलेलं मनाने भरलं. मीही भरतेय, दर वेळी वेगळं.

किती वेळा लावलं मोजलं नाही. फीत झिजेल.

१ डिसें.

टेपरेकॉर्डर शाळेत नेला. परब सर म्हणाले, टेपच्या हेडवर मळ बसतो, स्पिरिटने पुसा. प्रयोगशाळेतलं स्पिरिट, काडीला कापूस. पुसून लावला. खरखर खरंच कमी झाली. 'त'वर अनुस्वार आहे का, एवढंच ऐकायचं होतं. अनुस्वार असेल तर येतंय. नसेल तर येतलंय.

परब सरांनी कान लावला. म्हणाले, अनुस्वार आहे. मी म्हटलं, नाही. त्यांनी परत ऐकलं. म्हणाले, बाई, आता मलाही नाही वाटतो. अनुस्वार सुटला म्हणून मी मुलांचा अर्धा अर्धा गुण कापत आले आजवर.

मला कोणता हवाय? डोळ्यांसाठी येतलंय हवं. बाकी… येतंयच बरं. आई गेली तर दोन महिन्यांनी परत येईल, असं कोणी सांगितलं? तळमजला, ऊन, खाट, मुलगा. इथे काय, मी. हे लिहिताना लाज वाटत नाहीये, भीती वाटतेय.

५ डिसें.

आज विचारलं. आई मुळ्याची भाजी निवडत होती, बोटांनी चाचपून. म्हटलं, त्या दिवशी शेवटी काय म्हणालीस? येतंय, की येतलंय?

"तेवा बोललंय ता आता कसा गो सांगू? तुझ्या पेटयेक इचार."

पेटीलाही माहीत नाही, म्हटलं. मग नलिनीचं पत्र वाचून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे न करता. उन्हाची वेळसुद्धा.

बराच वेळ ती पानं वेगळी करत राहिली. खाट कशी आसा म्हणता, तिने विचारलं. लोखंडी, म्हटलं. खिडकीकडे. मग म्हणाली:

"जातंय मी. नऊ वर्सां तिका रजा नाय गावली. आता गावली ती माझ्यासाठी. मी नाय म्हटलंय तर ती परत कधी इचारूची नाय."

जातंय, म्हणाली. सरळ. हा शब्द आमच्या घरात निघताना कोणी तोंडातून काढत नाही. मी तिला टोकलंही नाही.

मग, "आणि तू?"

म्हटलं, माझं काय, माझी शाळा आहे. फार पटकन म्हटलं.

शरदला तार. डोळ्यांचंही कळवलं.

७ डिसें.

रेखाला गेम परत दिला. पालकांना बोलावलं नाही. म्हटलं, शाळेत नको आणू. तिने विचारलं, बाई, तुमचे किती झाले? खोटं बोलले. चाळीस म्हटलं.

१२ डिसें., शनिवार

शरद काल आला, आज दोघं गेली. व्हिडिओ कोचची तिकिटं काढणार होता, आईने हाणून पाडलं. तिला लाल गाडी हवी. कुठे थांबते ते तिला माहीत आहे, न बघता सांगता येतं कुठलं गाव आलं. शरद म्हणाला, अगो, हाडां मोडतली. ती म्हणाली, माझी हाडां एस.टी.त जल्मलेली.

सकाळी विहिरीवर त्याला एकट्याला गाठलं. तुला येतंय म्हणजे काय ते कळलं नव्हतं? पोहरा हातात धरून उभा राहिला. म्हणाला, "समाजला होता गो. पण नलू स्वयंपाकघरातून धावत आली, परत लाव, परत लाव करत. नऊ वर्सां तिका वाटता, आई तिच्यामुळे येणा नाय. मगे मी काय बोलूचा होता?"

इकडे आम्हाला वाटतं, ती आईमुळे येत नाही.

कट्टा गावच्या स्टॉपवर गाडी पाऊण तास उशिरा. आईने माझा हात धरून ठेवला होता, सोडला नाही. चढताना माझ्या तोंडावरून हात फिरवला. आंधळी माणसं फिरवतात तसा. पहिल्यांदाच तसा.

२८ डिसें.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया बुधवारी झाली. नीट. पट्टी आहे. नलिनीचं पत्र, दोन दिवसांआड एक येतं आता. रजा अजून पंधरा दिवस वाढवली. आई तिला मालवणी शिकवते, नलिनी 'खंय' लिहायचं ते 'खय' लिहिते. लाल शाई हातात आली होती, ठेवून दिली.

घर. काही विशेष नाही. चूल दिवसाला एकदा. कुत्रा आईच्या जागेवर बसतो, उठवत नाही. गोष्ट लिहायला घेतलेली चार पानांवर अडकली. वाटलं होतं, एकटी असले की खूप लिहीन. इतकी वर्षं हेच सांगत आले स्वतःला.

काल एक सुचलं. यंत्र पडवीत ठेवून अर्धा तास सोडून दिलं. कोंबड्या, विहिरीचा रहाट, मासेवालीची हाक, स्टॉपवरचा गाडीचा हॉर्न, वारा. कोणी बोलत नाही. ऐकताना कळलं की डोळे मिटून ऐकलं तर घर मोठं वाटतं. आईचं घर आठ महिने असं होतं. पाठवली.

९ जाने. ८८

नलिनी लिहिते: आईंनी कॅसेट दोनदा ऐकली. डोळ्यावर पट्टी, हात मांडीवर. संपल्यावर म्हणाल्या, 'रहाटाक तेल घालूक सांग तिका.'

घातलं.

३० जाने.

चष्मा मिळाला. जाड भिंगांचा. शरदचं पत्र आहे आज, नलिनीचं नाही, म्हणजे काही महत्त्वाचं. लिहितो: आई रमलीय. ऊन आलं की खाटेवर बसते, समोरच्या बायकांशी बोलते, त्यांना ती कळत नाही, तरी बोलते. डावा डोळा उन्हाळ्यात करायचा. आम्हां दोघांनाही वाटतं, आता इथेच राहावं. तिला तसं म्हटलं तर म्हणाली, सुमनक इचारूचा लागतला. मी लिहून विचारतो म्हटलं तर नको म्हणाली. कागदावर ती खोटं लिहिता, म्हणाली. शुक्रवारी पोस्टातून आमच्या शेजाऱ्यांच्या नंबरावर फोन कर.

कागदावर खोटं. खोटं नाही. नीट करते.

५ फेब्रु., शुक्रवार

शाळा सुटल्यावर पोस्टात. ट्रंक कॉल लावून दिला आणि बाकावर बसले. सवा तास. आई आयुष्यात फोनवर बोललेली नाही, तिच्याशी मीही नाही. मनात वाक्यं जुळवत होते. तू राहा तिथे, मी मे महिन्यात येते. मग दुसरं, शिमग्याला ये ना. दोन्ही खरी. दोन्ही नीट.

लागला. पहिलं मिनिट शरद, मग खडखड, मग आई. ओरडत नव्हती. नलिनीने शिकवलं असणार.

"दिसता गो. माका सगळा दिसता. भिताडाचो रंग, नलिनीच्या कपाळावरचो तीळ, सगळा." मी हसत होते. कुत्र्याचं, रहाटाचं विचारलं. काजूला मोहोर आलाय का. आलाय, म्हटलं.

ऑपरेटर मध्ये आला. तीन मिनिटं झाली, वाढवू का? वाढवा.

"सुमन, तुझो फोटो बघलंय हयसर. शरदान दिवाळीक काढलेलो. दारात उभी आसस." थांबली. "केस पिकले गो तुझे."

म्हटलं, कधीचेच.

"माका कोणी सांगूक नाय."

बाकावर दोघं आपापल्या कॉलची वाट बघत होते, ते उगाच खिडकीकडे बघायला लागले.

आई म्हणाली, "आता सांग. येव की रव?"

जुळवलेली दोन्ही वाक्यं गेली कुठे तरी. मी म्हटलं, तुका काय वाटता?

"मी सांगलंय तर तू तसाच म्हणतलंस. पयली तू सांग. आणि शाळेतला बोला नको."

तोंड उघडलं. खरं काय ते त्या क्षणी माझं मलाच ऐकायचं होतं.

ऑपरेटर पुन्हा मध्ये. बाई, सहा मिनिटं झाली. वाढवू?

म्हटलं, वाढवा.